खाजणवाडीचा बिंका

अहो ताई, त्या काट्यांच्या वईच्या आत पाय नका घालू. आत खळगा दिसतोय ना, त्याला आम्ही कडू खळगा म्हणतो. आता कोरडा ठणठणीत आहे, पण चुकून एखादं जनावर शिरू नये म्हणून दर दिवाळीनंतर गाव मिळून ही वई नव्याने बांधतो. यामागे एका सासूची गोष्ट सांगतात.

तिचं नाव येसूबाय. मुलगा गुणाजी गलबतावर तांडेल. तो म्हणे मलाक्क्याला गेला आणि तिथून बायकोच घेऊन आला. तिचं घराणं मूळचं चिनी, पण कैक पिढ्या मलायी मुलखात रुजलेलं. नाव गेक नियो. गावाच्या जिभेला ते कुठलं पेलतंय! गावाने तिची निवबाय केली. येसूबायला ही सून मुळीच पसंत नव्हती. ना भाषा कळे, ना माशाच्या कालवणाला हात बसे. पण येताना तिने एका कंदाच्या काड्या आणल्या होत्या, ज्याचा साबुदाणा होतो तोच कंद, आणि त्या डोंगरउतारावर लावल्या होत्या.

पुढच्या वर्षी उधाणाने खारबंधारा फोडला. भातशेतीत खारं पाणी शिरलं, घरोघरच्या कणग्या रिकाम्या झाल्या. उतारावरचा कंद तेवढा तगला. निवबायने तो सोलला, किसला, फडक्यात घालून पुन्हा पुन्हा पिळला आणि निघालेलं पाणी दाखवून सासूला म्हणाली, "पाणी कडू." ते जमिनीत पुरायला हवं, एवढं काही तिला सांगता येईना. येसूबायने ते नेऊन या खळग्यात ओतलं. दुपारी शेजारच्या भिवाच्या तीन शेळ्या ते प्यायल्या आणि तिथेच आडव्या झाल्या.

झालं! सगळा गाव अंगणात. ही बाई आपल्याला विष घालणार, उद्याच्या गलबताने परत धाडा, असा एकच गिल्ला. गुणाजी दर्यावर गेलेला. येसूबाय खांबाला धरून गप्प उभी. नावडती सून आयती जात होती, आणि तोंड उघडलं तर शेळ्या आपल्याच अंगावर येणार, ही भीतीही होती.

निवबाय मात्र चुलीपाशीच. पिळलेल्या किसात तिने ओलं खोबरं, नारळाचा घट्ट रस आणि गूळ घातला, टोपात केळीचं पान लावून त्यावर ते ओतलं, खाली निखारे, वर झाकणावरही निखारे. खमंग तांबूस झालेला तो गोड पदार्थ, तिच्या मुलखातला बिंका, तिने अंगणात आणला आणि स्वतःच पहिला तुकडा उचलला.

"तिना खाल्ल्यान तरी काय?" गावचा मानकरी, गावकार, म्हणाला. "तिका उतारो म्हायत आसतलो."

निवबायला शब्द कळले नाहीत, चेहरे कळले. तोंडाशी नेलेला तुकडा तिने खाली घेतला. ते पाहून येसूबायला स्वतःची अशी लाज वाटली की तिला राहवेना.

"पाणी मिया ओतलंय," ती पुढे येऊन म्हणाली. "तिना सांगल्यान, कडू म्हणान. माका वाटला, नुसता चवीक कडू." आणि सुनेच्या हातातला तुकडा घेऊन तिने सरळ तोंडात घातला.

येसूबाय आता कोसळते की मग, म्हणून सगळे बघत बसले. माडांच्या सावल्या लांबत विहिरीपर्यंत गेल्या. निवबाय तिचा हात धरून रडत होती. शेवटी येसूबायच वैतागली.

"रडतंस कित्याक? आणखी एक तुकडो दी गो! भूक लागली हा."

गाव जो हसला म्हणतात! शेळ्या गेलेला भिवासुद्धा हसला. मग बिंक्यावर जी झुंबड उडाली, तिच्यात टोपातलं पानही उरलं नाही. सून राहिली, आणि त्या वर्षी खाजणवाडीत कोणी उपाशी मेलं नाही.

आजही आमच्याकडे नवी सून पहिला बिंका करते, तेव्हा वाडीची वाडी अंगणात येऊन थांबते. सासूने एक तुकडा खाऊन भागत नाही, दुसरा मागावा लागतो. आमच्या सासूबाई तर मोठ्या खट. पहिला खाल्ला आणि तासभर नुसत्या बसून राहिल्या. मला घाम फुटलेला. मग हळूच पान पुढे केलं त्यांनी, तेव्हा मी अशी काही रडले की त्याच घाबरल्या.