आसावरचा अंगठा

खूप खूप पूर्वी, आपल्या पणजोबांनीही ज्याचं नुसतं नावच ऐकलं होतं, अशा एका समुद्राकाठच्या गावात एक लेपकार राहत असे. खारा वारा तिथलं कुठलंच लोखंड धड राहू देत नसे. म्हणून बैलगाड्यांची दोन्ही चाकं जोडणारे आस, चाकांवरच्या लोखंडी धावा, कड्या, साखळ्या, सगळं त्याच्या दारात येऊन पडे. तो जुना लेप खरवडून काढी, गंज चिंचेच्या कोळाने उतरवी आणि लोखंड लख्ख झालं की त्यावर जवसाचं तेल नि राळ यांचा लेप चढवून ते भट्टीत भाजून घेई. त्याचा लेप कोयत्याने ओरखडला तरी निघत नसे.

माणूस मात्र लोण्याहून मऊ. कुणाला ‘नाही’ म्हणायची वेळ आली की त्याची जीभ टाळ्याला चिकटे.

त्या गावात एक रीत होती. लेप ओला असतानाच गाडीच्या धन्याने आसाच्या टोकाशी आपला अंगठा उमटवायचा. मग आस भट्टीत गेला की ठसा कायमचा पक्का होई.

लेपकाराचा एक जिवलग मित्र गाडी हाकत असे. तो तापाने गेला आणि गाडी त्याच्या बायकोच्या हाती आली. आसावर नवऱ्याचा अंगठा तसाच होता. रोज बैल जुंपण्याआधी ती त्यावर हळूच बोट टेकवी आणि मगच कासरा हाती घेई.

पुढे लेप जुना झाला, तशी ती आस घेऊन आली.

“भावजी, बाकीचं सगळं खरवडा. तेवढा अंगठा सोडा.”

लेपकाराने तेवढी जागा सोडली आणि ठशाच्या कडेकडेने नवा लेप लावला. त्यानंतर दरवर्षी तो तसंच करत राहिला. एवढ्याशा जागेने काय बिघडतंय, असं त्याने स्वतःला समजावलं. खरं सांगायचं तर तिच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं, की तो कामच विसरून जाई. अशी दया करायला फार सोपी असते बरं का!

एका वर्षी तिची लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी यायची होती. लेकीचं सासर घाटावर. वाट उभ्या उताराची, एका अंगाला खोल दरी. गाडीवालीने हौसेने गाडीत मऊ गवत भरलं आणि आस लेपकाराकडे आणला.

लेपकाराने तो उजेडात धरला. अंगठ्याच्या कडेला लेप भाकरीच्या पापुद्र्यासारखा फुगला होता. त्याने हातोडीने आसावर ठोके दिले. सगळीकडे खणखणीत वाजलं, ठशापाशी मात्र आवाज बद्द आला.

“वहिनी, हा अंगठा आता काढावा लागेल. खाली गंज धरलाय असं वाटतंय.”

“काय बोलता हे?” ती ताडकन उठून उभी राहिली. “त्यांचं माझ्यापाशी एवढंच उरलंय. द्या इकडे, मी दुसऱ्या कुणाकडून लेप लावून घेईन.”

तिने आस उचलला. लेपकार दारात आडवा झाला. जन्मात पहिल्यांदाच तो कुणाची वाट अडवत होता.

“घाटात हा तुटला तर, वहिनी? गाडीत कोण असणार आहे?”

“दरवर्षी तुम्हीच म्हणायचात ना, आस चांगला आहे म्हणून?”

“खोटं बोलायचो. खात्री करायला अंगठा काढावा लागला असता, आणि तुम्ही रडला असता.”

ती मटकन खाली बसली. मग तिने हात पुढे केला.

“द्या ती खरवडणी. माझ्याच हाताने निघू दे.”

खरवडणी लागताच लेपाचा पापुद्रा अंगठ्यासकट सुटून आला आणि तिच्या तळहातावर भुगा झाला. खाली लोखंड कुठलं? नुसती तांबडी माती. तिने त्यात बोट घातलं, तर ते थेट आत गेलं. आसावर डोकं टेकून ती रडली. लेपकारही रडला. मित्र दोघांचाही होता.

लोहाराने आसाचं टोक कापून तिथे नवं लोखंड जोडलं. लेपकाराने ते नीट घासलं आणि या खेपेला कुठलीही जागा न सोडता लेप चढवला.

लेकीला घेऊन ती उतारावरून येत असताना एका वळणावर चाक खड्ड्यात दाणकन आदळलं. बैल गुडघ्यांवर आले. दरीकडचं चाक क्षणभर अधांतरी झालं आणि पुन्हा वाटेवर टेकलं. आस जागचा हलला नाही.

दारात उतरल्यावर लेकीचा हात सवयीने आसाकडे गेला.

“आई, बाबांचा अंगठा कुठे गं?”

“मी काढला, बाळा. तो जपत बसले असते, तर त्यांची लेक दरीत गेली असती.”

लेकीने आईला घट्ट मिठी मारली. थोड्याच दिवसांत त्या घरात तान्ह्या बाळाचं रडणं ऐकू आलं.

लेपकार मात्र नंतरही मऊच राहिला. ‘तेवढं सोडा’ असं कुणी म्हटलं की त्याचे डोळे पूर्वीसारखेच भरून येत, पण हात थांबत नसे.

तात्पर्य : ज्याच्यावर खरी माया आहे, त्याचा गंज झाकू नये, दुखलं तरी तो खरवडून काढावा.