शंकेचं पाणी

“पण तुम्ही तो पाहिलाय की नाही? एवढंच सांगा.”

जैन साध्वी आर्यिका निर्वेदमती माताजी डोंगरावरच्या मंदिराच्या विहिरीत, खालच्या पायरीवर बसल्या होत्या. पांढरी साडी, मांडीवर मोरपिसांची पिच्छी, नजर पाण्यावर.

“वंदामि म्हणायचं राहिलं,” त्या म्हणाल्या.

ऋजुताने घाईने हात जोडले. “वंदामि, माताजी. पाहिलाय?”

“काय?”

“मासा. बोटाएवढा, डोळे नसलेला. खडकाच्या भेगांत राहतो. मी या विहिरीचं पाणी प्रयोगशाळेत नेलं होतं. त्यात त्याची खूण सापडली.”

“बाटलीत मासा आला?”

“मासा नाही. पाण्यात राहणारा प्रत्येक जीव काहीतरी मागे सोडतो. कातडीचा कण, विष्ठा. त्यात त्याचा डीएनए असतो. तेवढ्यावरून आता ओळखता येतं. जाळं नको, गळ नको. मासा बघायचीही गरज नाही.”

“मग मला का विचारतेस, पाहिला का म्हणून?”

ऋजुताने ओठ चावला.

लहानपणी याच मंदिराच्या पाठशाळेत माताजींनी तिला बाराखडीआधी जीव आणि अजीव शिकवलं होतं. प्रश्न विचारला की त्या प्रश्नच परत करत. तेव्हाही तिला राग यायचा.

“कारण ट्रस्टचे भूपालअण्णा माझा अहवाल मानत नाहीत,” ती म्हणाली. “परवा विहिरीत ब्लीचिंग पावडर टाकणार आहेत. पोती वर आली आहेत. महोत्सवाला हजारो माणसं येणार, गेल्या वेळी कावीळ झाली होती, सगळं मान्य. पण मासा मरेल. माझं कोणी ऐकत नाही. तुम्ही नुसतं ‘आहे’ म्हणालात तर पोतं उघडायची कोणाची छाती होणार नाही.”

माताजींनी पिच्छीची पिसं सरळ केली.

“तुम्ही इतकी वर्षं इथे बसता. तुम्हाला माहीत नसेल?”

ऋजुता एक पायरी खाली आली.

“की ट्रस्टला दुखवायचं नाही?”

“जीव मेला, तर त्याची खूण पाण्यातून लगेच जाते?” माताजींनी विचारलं.

“... नाही. काही दिवस राहते.”

“मग तो आहे की होता?”

“ते कागदावरून नाही सांगता येत.”

“कागदावरून?”

“पाणी बारीक भोकांच्या कागदातून गाळतो आम्ही. जे उरतं ते तपासतो.”

“गाळता.” माताजींचा चेहरा थोडा सैल झाला. “आम्हीही गाळतो. आणि गाळून उरतं ते?”

“ते विरघळवतो. रसायनात.”

“परत सोडत नाही?”

“माताजी, ते कण असतात. जीव नाहीत.”

“खात्री आहे?”

ऋजुताचा तोल गेला.

“आणि तुम्ही परत सोडता ते कुठे? गाळण्यावर उरलेले जीव उलटं कापड धुऊन ज्या विहिरीतले त्याच विहिरीत सोडायचे, हे तुम्हीच शिकवलंत ना? परवानंतर त्या विहिरीत विष असेल. म्हणजे जपून, हळुवार हातानं, विषात सोडायचे. त्यापेक्षा माझं रसायन बरं. ते निदान दयेचं नाव घेत नाही.”

माताजींनी मान वळवून तिच्याकडे पाहिलं.



मग पिच्छी उचलून पायरी झाडली आणि त्या उठल्या. आहाराची वेळ झाली होती.

आर्यिकांचा आहार दिवसातून एकदाच. पाणीही तेव्हाच. बाहेर चैत्राचं ऊन, आणि कालच्या आहारानंतर माताजींच्या ओठाला थेंब लागला नव्हता. त्या पाटावर बसल्या, दोन्ही हातांची ओंजळ केली. आता मौन.

ट्रस्टचे अध्यक्ष भूपालअण्णा चौगुले स्वतः पाण्याचा तांब्या घेऊन पुढे झाले. पाणी दुहेरी कापडातून गाळलेलं, उकळून निववलेलं. रिवाजाप्रमाणे ते म्हणाले, “मन शुद्ध, वचन शुद्ध, काया शुद्ध. आहार-जल शुद्ध आहे.”

दाराशी उभी राहिलेली ऋजुता हलकेच फुत्कारली.

ओंजळीत पाणी पडलं.

माताजींनी ओंजळीत पाहिलं... आणि हात उघडले.

पाणी पाटावर सांडलं.

अंतराय. आहार मोडला. आता उद्यापर्यंत अन्न नाही, पाणी नाही.

बायकांनी तोंडावर पदर घेतला. भूपालअण्णांनी तांब्यात बोट घातलं, तो उजेडात धरला, पुन्हा पाहिला. “केस होता काय? किडा? काय दिसलं ओ कुणाला?”

माताजींनी हात धुतले. बाहेर येऊन सावलीत बसल्या. मौन सुटलं.

“काय दिसलं, माताजी?” अण्णांनी विचारलं.

“काही नाही.”

“मग?”

“शंका आली.”

“पाण्याची? अहो, माझ्या सुनेनं सोवळ्यात गाळलंय!”

“पाण्याची नाही. विहिरीची. तीत मासा आहे म्हणतात, त्याच्या अंगाचे कण पाण्यात असतात म्हणतात.”

अण्णांनी ऋजुताकडे पाहिलं, जणू तिनेच तांब्यात मासा सोडला असावा. “ह्या पोरीचं काय ऐकताय? कॉलेजात शिकली म्हणजे झालं का? एक बाटली, एक कागद. ती तरी सांगतीय का छातीवर हात ठेवून, मासा आहे म्हणून? काय गं?”

सगळे ऋजुताकडे वळले.

‘हो’ म्हटलं की काम झालं असतं.

“... नाही,” ती म्हणाली. “असू शकतो. एवढंच.”

“ऐकलंत?” अण्णा म्हणाले.

“ऐकलं,” माताजी म्हणाल्या. “असू शकतो. शंका असलेलं आम्ही घेत नाही, अण्णा. हा नियम तुम्हाला ठाऊक आहे.”

अण्णांना ठाऊक होता. महोत्सवाच्या मांडवात उपाशी, तहानलेल्या माताजी... आणि शेजारी पावडर मारलेली विहीर. लोक काय म्हणतील? त्यांनी कपाळावरचा घाम टोपीनं पुसला.

“पोती खाली न्या रे,” ते गड्यांना ओरडले. “टँकर मागवा. काय करायचं आता!” जाताना ऋजुताजवळ थांबले. “बरं साधलंस, ताई.”

अंगण रिकामं झालं.

ऋजुता जिंकली होती. तरी ती माताजींसमोर उभी राहिली ती भांडायलाच.

“तासाभरापूर्वी तुमचा माझ्या कागदावर विश्वास नव्हता.”

“अजूनही नाही.”

“मग ओंजळ उघडलीत ते नाटक?”

“नाही.”

“दोन्ही कसं खरं असेल?”

माताजींनी पदर सावरला. ओठ कोरडे होते. त्यांनी ते जिभेनंही ओले केले नाहीत.

ऋजुताचा आवाज खाली आला. “मी पुन्हा पाणी तपासते. या वेळी जास्त बाटल्या, वेगवेगळ्या खोलीवर. काही आढळलं नाही, तर हे पाणी प्याल ना?”

“आढळलं नाही म्हणजे नाही?”

तिला उत्तर येत होतं.

“... तसं म्हणता येत नाही.”

“आणि आढळलं तर?”

“तर... पिणार नाहीच.”

“हं.”

“म्हणजे माझी एकही बाटली तुमच्या उपयोगाची नाही.” तिने कपाळावर हात मारला. “उद्या पाणी कुठलं घेणार?”

“खालच्या वाडीच्या विहिरीचं. श्राविका घेऊन येतील.”

“त्या विहिरीचा खडकही हाच आहे. भेगा आतून जोडलेल्या असतील.” आणि मग, जुना राग पुन्हा चढून, “तिथेही मी बाटली बुडवली तर?”

ऊन अंगणातून सावलीपर्यंत सरकलं. माताजींनी पाय आत घेतले.

...

“मग सकाळी लवकर ये, बाटली घेऊन,” त्या म्हणाल्या. “आहाराच्या आधी.”