चाळीस पावलांचे वळण

पावले चाळीस सांगितली होती की पन्नास, हे आता खात्रीने सांगवत नाही, चाळीसच असावीत. घानातल्या ब्रेमासे आणि दानक्रोम या गावांना जोडणारा रस्ता सरळ येतो, मध्येच आडवा वळतो, तेवढी पावले जातो आणि पुन्हा सरळ होतो. तिथे ना टेकडी, ना ओढा. कारण विचारले की ब्रेमासेचे वयोवृद्ध मुखिया नाना ओपोकू हसत म्हणत, "आमच्या शहाणपणाचं माप आहे ते." मग सांगू लागत.

पूर्वी तिथे दाट रान होते म्हणे. दोन्ही गावांनी ठरवले, आपापल्या बाजूने सावरीच्या झाडापर्यंत वाट तोडायची. पण रानात सावरी होत्या दोन, आणि कोणती ते विचारायला जाणे दोघांनाही कमीपणाचे. वाटा दोन वेगळ्या झाडांशी संपल्या. मध्ये काटेरी जाळी उरली.

ब्रेमासेची एकुआ सुईण होती. तिची लेक अराबा दानक्रोमला दिलेली. बाळ अडले तेव्हा सासरच्यांनी अराबाला झोळीतून वाटेच्या टोकापर्यंत आणले. एकुआ धावत दुसऱ्या टोकाशी आली. लेकीचे कण्हणे ऐकू येत होते, लेक दिसत नव्हती.

"तुमचं झाड चुकलं," पलीकडून कुणी ओरडले.

"आमचं अर्धं झालंय. तुमचं बघा," अलीकडून उत्तर गेले.

एकुआने बोलणाऱ्याच्याच हातचा कोयता ओढून घेतला आणि जाळीत शिरली. ती पोचली तेव्हा बाळ हाती लागले, अराबा नाही.

नातीला उराशी धरून तिने एवढेच विचारले, असे सांगतात, "ह्यांचं अर्धं ह्यांनी केलं, तुमचं तुम्ही. माझी लेक कुणाच्या अर्ध्यात गेली?"

ही गावे एकमेकांची वाट साफ करीपर्यंत नवा याम, म्हणजे तिथला मुख्य कंद, तोंडात घालणार नाही, अशी शपथ तिने घेतली. दोन्हीकडच्या बायकांनी चुली विझवल्या. तिसऱ्या दिवशी पुरुष मुकाट्याने कोयते घेऊन निघाले. दोन टोकांमध्ये तिने तोडलेला आडवा पट्टा तेवढा तसाच ठेवला; तेच हे वळण.

आजही नव्या यामचा सण असाच सुरू होतो. ब्रेमासेचे लोक दानक्रोमच्या हद्दीतले गवत काढतात, दानक्रोमचे ब्रेमासेच्या. स्वतःच्या अर्ध्याला हात लावायचा नाही. मग वळणावर सगळे बसतात आणि कंद चिरण्याआधी वर्षाची कामे ठरवतात. विहीर तिथेच ठरली, शाळाही, आणि वळणावरचे दोन खोल्यांचे बाळंतपणाचे घर.

नानांकडून ही गोष्ट ऐकणाऱ्याला तेव्हा हे सारे जरा जास्तच नीटस वाटले होते. कित्येक वर्षांनी त्याने तिथल्या परिचारिकेला पत्र लिहून विचारले. पावले बेचाळीस निघाली. आणि जमिनीवरून दोन्ही गावे कोर्टात भांडत होती त्या सहा वर्षांतही दानक्रोमने ब्रेमासेचे गवत एकदाही वाढू दिले नव्हते.