गोंदाची चिंध्यांची राणी

दोष साकुरमाळच्या म्हाताऱ्यांचा होता. एकट्या पाटलाचा नव्हे, पारावर बसून त्याच्या बोलण्यावर माना डोलवणाऱ्या सगळ्यांचा. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण गोष्ट सांगताना लोक नेमकं हेच गिळतात.

फार फार मागची गोष्ट. आज जिथं दगडांचा माळ दिसतो तिथं तेव्हा रान होतं, आणि त्या रानाच्या कडेला गोंदा नावाचा बाहुलेवाला राहायचा. पांगाऱ्याच्या लाकडाच्या बाहुल्या करायच्या, त्यांना दोऱ्या बांधायच्या आणि जत्रेत नाचवायच्या, हे त्याचं काम. त्याच्या बोटांत दोरी आली की लाकडाला घाम फुटायचा, असं म्हणतात.

खेळाचा खर्च पाटील करायचा. बाहुल्यांची वस्त्रं त्याची, मशालींचं तेल त्याचं. म्हणून खेळाच्या आधी एकट्या पाटलाचं नाव पुकारलं जायचं आणि खेळात राजा व्हायचा तो पाटलाचा आजा. दरसाल तोच आजा, तीच लढाई. त्या आज्यानं जन्मात कोंबडीसुद्धा मारली नव्हती. पण म्हाताऱ्यांना खरं नको असतं, ओळखीचं हवं असतं.

मग एका वर्षी दुष्काळ पडला. पाटलानं आपली धान्याची पेवं उघडली नाहीत. लेकरं गेली. पुढच्या वर्षी पीक आलं, जत्रा आली, आणि गोंदा पाटलापुढं उभा राहिला.

"औंदा राजा नाही नाचवणार. राणी नाचवीन. दुष्काळात पेवं उघडणारी राणी."

पाटील म्हणाला, "मग तुझ्या राणीला उघडीच नाचव. माझ्याकडून सुताचा धागा मिळायचा नाही."

गोंदानं खांद्याला झोळी अडकवली आणि घरोघर गेला. म्हणाला, राणीला लुगडं नाही, एकेक चिंधी द्या. जो कुणी देईल त्याचं नाव खेळाआधी पुकारीन.

चिंध्या बायकांच्याच ताब्यात असायच्या. वाकळ शिवायला त्या वर्षभर जपून ठेवायच्या. त्यांनी दिल्या. कुणी लुगड्याचा काठ दिला, कुणी गेलेल्या लेकराच्या अंगड्याची बाही दिली. किसनाची म्हातारी आई मात्र दारात घुटमळली.

"गोंदा, चिंधी हाय रं. पर नाव कुठलं देऊ? मला समदी किसनाची आई म्हंत्यात. त्याच्या आदी अमक्याची सून व्हते."

"बापानं काय ठेवलं होतं?"

"आठवाय पायजे."

"आठव की. बसतो मी."

"बस. पानी पी तवर." म्हातारी चुलीकडं गेली, परत आली, आणि नव्या नवरीसारखी लाजली. "म्हाळसा. म्हाळसा नाव व्हतं माजं."

झोळी भरत चालली तशी पारावर कुजबुज सुरू झाली. पाटलानं गोंदाला बोलावलं आणि लाल मखमलीचं ठाण पुढं टाकलं. "हे घे. राणी नाचव, माकड नाचव, काहीही नाचव. पण त्या चिंध्या जाळ. नावं घ्यायची तर घरच्या कारभाऱ्यांची घे. बायकांची नावं चव्हाट्यावर मांडतोस?"

"पाटील, चिंधी कारभाऱ्यानं दिली असती तर त्याचंच घेतलं असतं. एकानंही दिली नाही."

"जीभ लई चालती तुझी."

"बोटं त्याहून बरी चालतात."

मखमल तिथंच पडून राहिली. खेळ व्हायचा ते देवळाचं अंगण पाटलानं बंद केलं, तेल बंद केलं. मग गोंदानं खेळ दिवसाउजेडी, उघड्या खळ्यावर मांडला. सगळा गाव लोटला. राणी पुढं आली ती नखशिखांत चिंध्यांत, आणि अशी देखणी की मखमल तिच्यापुढं पोतेरं वाटावं.

गोंदानं नावं पुकारायला सुरुवात केली. धुरपदा. ठकू. गजरा. जिचं नाव घ्यावं तिची चिंधी राणीच्या अंगावर फडफडे. वारा तर पानही हलवत नव्हता, असं म्हणतात. गर्दीत एकेक बाई उठून उभी राहू लागली. म्हाळसाचं नाव आलं तेव्हा, आई उठायच्या आधीच, किसनानं शेजाऱ्याला विचारलं, "ही म्हाळसा कोण?"

म्हातारे चवताळले. त्यांच्या इशाऱ्यासरशी पाटलाचे गडी कोयते घेऊन धावले आणि राणीच्या सगळ्या दोऱ्या तोडल्या.

राणी पडली नाही. असं म्हणतात की तुटलेल्या दोऱ्या लोंबत असताना ती आपली आपण नाचली. गड्यांनी गोंदाला धरून फरफटत नेलं, तरी तो नावं पुकारत होता, आणि शेवटचं नाव होईपर्यंत ती नाचत राहिली.

आज साकुरमाळच्या जत्रेत खेळ असो, तमाशा असो, पोरांचं नाटक असो, एका घरचा पैसा चालत नाही. गोंदाची झोळी घरोघर फिरते. ज्याला जे जमेल ते त्यात पडतं, आणि पडदा उघडण्याआधी देणाऱ्या बायकांची माहेरची नावं मोठ्यानं घेतात. पाटलांच्या सुनाही रांगेत असतात. पारावरचे आताचे म्हातारे सांगतात की ही चाल आमच्या वाडवडलांनी घातली. खोटं बोलतात. चाल घातली ती खळ्यावर उठून उभ्या राहिलेल्या बायकांनी. वाडवडलांनी त्या दिवशी खळ्यामागं नेऊन गोंदाची दहाही बोटं दगडानं ठेचली. त्यानंतर त्याला कधी स्वतःच्या हातानं जेवता आलं नाही.