घारीच्या गळ्यातली शिट्टी

एकदा एका माळरानावर पक्षी हेरणाऱ्या कुत्र्यांची परीक्षा भरली होती. नवख्या माणसाला वाटते, अशा ठिकाणी धावाधाव, भुंकाभुंक आणि शिकार पाहायला मिळणार. प्रत्यक्षात तिथे कुणी भुंकत नाही आणि कुणी मरतही नाही. कुत्री दोन-दोनच्या जोडीने गवतात सोडतात. ज्याच्या नाकाला तित्तराचा वास लागेल त्याने जागच्या जागी थिजून उभे राहायचे. मग त्याचा माणूस पुढे होऊन पक्षी उडवतो आणि हवेत एक पोकळ बार काढतो. बार झाला तरी कुत्र्याने पाऊल हलवायचे नाही. तित्तर सुखरूप आपल्या वाटेने जाते आणि घोड्यावरून मागे येणारे पंच गुण देतात ते मुख्यतः थांबण्याला.

ह्या परीक्षेत एक शिष्य प्रथमच उतरला होता. वय तिशीच्या घरातले. विणकामाचा माग सोडून दोन वर्षांपूर्वी तो एका वृद्ध श्वानशिक्षकाकडे आला होता. त्याच्या हातातली घारी नावाची कुत्री मात्र त्याची नव्हती. ती गावच्या कापूस व्यापाऱ्याची. शेटजींनी त्याला रोखठोक सांगितले होते, “वर्षभर खातेय आणि एक पक्षी दाखवत नाही. ह्या परीक्षेच्या शेवटच्या फेरीत तिचं नाव निघालं, तर ती तुझी. नाहीतर सोमवारपासून माझ्या वखारीवर साखळीला.” घारीला धावताना ज्याने पाहिले आहे, त्याला साखळी म्हणजे काय हे वेगळे सांगायला नको. दोन दिवस शिष्याच्या तोंडाला चव नव्हती.

त्या सकाळी वृद्धाने त्याला विचारले होते, “शेवटचा नियम सांग बघू.”

“जोडीतलं एक कुत्रं थिजलेलं दिसलं, की दुसऱ्यानं मागे, आहे तिथंच थिजायचं. स्वतःला वास आला नसला तरी. आणि त्याच्या माणसानं त्याला पुढे काढायचं नाही,” शिष्याने धडाधड म्हणून दाखवले.

“पाठ आहे म्हणायचं,” वृद्ध म्हणाला.

योगायोग असा, की घारीच्या जोडीला शेटजींचाच लाडका कुत्रा बहादूर आला, आणि त्याच्यामागे त्याचा माणूस म्हणून स्वतः शेटजी. जोडीला वेळ अर्ध्या तासाचा. त्यातली पंचवीस मिनिटे सरली, तरी घारीला काही गवसले नाही. धावत धावत दोन्ही कुत्री एका टेकाडापलीकडे उतरली. शिष्य त्यांच्या मागोमाग पोहोचला. पंच आणि त्यांच्यासोबत चालणारा वृद्ध टेकाडाच्या अलीकडेच राहिले होते आणि देहाने भारदस्त शेटजी त्यांच्याही मागे धापा टाकत होते.

समोर तरवडाच्या झुडपाशी बहादूर थिजला होता. त्याच्या तीस पावले मागे घारीही थिजली.

शिष्याच्या मनात पाप आले. घारी तीस-चाळीस पावले पुढे सरकली तर तिलाही वास लागेल, ती बहादूरच्या पुढे उभी राहील, आणि आधी कोण थांबले हे इथे बघतेय कोण? त्याने शिट्टी ओठांना लावली आणि हलकेच वाजवली. घारीचा कान हलला. पाय हलले नाहीत. त्याने पुन्हा वाजवली. पुढे जाण्याचा हा इशारा तिने आजवर कधी मोडला नव्हता. तिचे सारे अंग थरथरू लागले, पण ती जागची हलली नाही. शिष्याला तिचा संताप आला. जिच्यासाठी जीव तुटतोय, तिलाच त्याचे काही नाही!

इतक्यात घोडे वर आले. पाठोपाठ शेटजी आले, त्यांनी झुडूप हलवले, दोन तित्तरे फडफडत उडाली, बार झाला. दोन्ही कुत्री उभी ती उभीच.

दुपारी पंचांनी शेवटच्या फेरीसाठी दोन नावे पुकारली. त्यातले एक घारीचे होते. लोक शिष्याची पाठ थोपटू लागले. “पहिल्याच वर्षी काय शिकवलंय राव!” तो कसनुसा हसला.

तेवढ्यात वृद्ध पुढे आला. त्याने शिष्याच्या गळ्यातली शिट्टी काढली आणि घारीच्या गळ्यात बांधली. बघे खो खो हसले. शिष्याच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

“आबा, चारचौघांत ही थट्टा कशाला?”

वृद्ध त्याला बाजूला घेऊन म्हणाला, “थट्टा नाही रे. नाक तिनं जन्मतःच आणलंय, पक्षी शोधायला मी कोण शिकवणार? शिकवायची ती एकच गोष्ट. दुसऱ्याला गवसलं, की आपले पाय आवरायचे. भूक असते, घाई असते, तरीही आवरायचे. हे तुला पाठ होतं, तिला आलं. ज्याला आलं, शिट्टी त्याच्याकडे असावी.”

शिष्याने घारीची दोरी हातात घेतली. मग तो तिच्यासह पंच जेवायला बसले होते तिथे गेला. शेटजीही तिथेच होते.

“मी शिट्टी वाजवली होती,” तो म्हणाला. “दोनदा. तिचं नाव काढून टाका.”

मोठ्या पंचांनी भाकरीचा घास खाली ठेवला. “ठाऊक आहे. वारा आमच्याकडेच येत होता.”

“मग तिचं नाव कसं आलं?”

“त्यामुळंच आलं. दुसऱ्यामागं थांबणारी कुत्री पुष्कळ पाहिली. आपलाच माणूस पुढं ढकलत असताना थांबणारी आज पाहिली. तुझे गुण कापलेत हो. आणखी एकदा वाजली, तर दोघांनाही घरी धाडीन.”

शेटजींचा हात ताटातच थबकला. “म्हणजे ही पुढे घुसली असती, तर माझ्या बहादूरचं तित्तर तेव्हाच उडालं असतं की!” त्यांनी घारीकडे जरा निरखून पाहिले. “वखारीला दुसरं कुत्रं बघतो मी. ही तुझी.”

शिष्याला हुंदका आवरला नाही, आणि त्याने तो लपवलाही नाही.

जेवणानंतर शेवटच्या फेरीत घारी धावली, तेव्हा शिट्टी तिच्याच गळ्यात होती. शिष्य मोकळ्या हातांनी मागून चालत होता. बोरीच्या जाळीपाशी ती एकाएकी थिजली. समोर त्याला नुसते वाळलेले गवत दिसत होते आणि त्याच्या नाकाला तर काहीच कळत नव्हते. तरी तोही तिच्यामागे, होता तिथेच क्षणभर थांबला, आणि मग पक्षी उडवायला पुढे झाला.