तांडेलाचा नळा आणि होडीच्या पोटातलं पाणी

फार फार जुनी गोष्ट. इतकी जुनी, की तेव्हा खाडीवर पूल नव्हता आणि पलीकडे जायचं तर राजालासुद्धा काठावर उभं राहून होडीवाल्याला हाक मारावी लागायची.

त्या खाडीवर एक तांडेल होता. होडी त्याचीच आणि हाकायचाही तोच. लोकांना अलीकडून पलीकडे न्यायचं हे काम त्याच्या घरात तीन पिढ्या चाललेलं. माणूस मोठा हौशी! होडीला दरवर्षी नवा रंग काय, पुढच्या टोकावर दोन टपोरे डोळे काय, सणाला आंब्याची पानं काय. होडीला कुणी नावं ठेवली, तर हा गडी दोन दिवस धड जेवायचा नाही.

पण बाळांनो, आणि बाळांच्या आजोबांनो, लाकडाची होडी म्हटली की ती पाझरायचीच. कितीही रंगवा. ते पाणी साचतं तळाशी, पायाखालच्या फळ्यांच्या खाली, जिथे कुणाचं लक्ष जात नाही. ते उपसायला तांडेलाकडे आजोबांच्या वेळचा एक लाकडी नळा होता. आत दट्ट्या. दट्ट्या वर ओढला की तळाचं पाणी वर यायचं आणि होडीबाहेर पडायचं. आज तुम्ही त्याला पंप म्हणाल. तेव्हा नुसतं नळा म्हणत.

एके सकाळी तांडेलानं दट्ट्या ओढला आणि कडाड! नळा वरपासून खालपर्यंत उभा चिरला.

तांडेल कपाळाला हात लावतोय तोच काठावर दवंडी ऐकू आली. “ऐका हो ऐका! नवे महाराज परवा सकाळी खाडी ओलांडणार! पहिला मान जुन्या तांडेलाचा! महाराजांचे पाय कोरडे राहिले तर खाडीचा हक्क पिढ्यान्‌पिढ्या त्याचाच! पाय भिजले तर हक्क गेला हो, गेला!”

हक्क गेला म्हणजे काय, ते सांगायला नको. तांडेलाकडे ना शेत, ना गुरं. होडी एवढीच काय ती त्याची जमीन. आणि खालच्या घाटावरचे होडीवाले केव्हापासून टपून बसलेले.

पण आमचा तांडेल घाबरला का? छे! तो उड्याच मारायला लागला. “अगं, ऐकलंस का? महाराज! आपल्या होडीत! साक्षात महाराज!”

त्याची बायको तांडेलीण. होडीचं सुकाणू तिच्या हातात असायचं, आणि घराचंही. ती म्हणाली, “ऐकलं. अहो, पण नाचताय काय? नळा चिरलाय ना?”

“मग नवा आणू! उद्याच बाजार आहे. असा आणतो, की महाराज बघतच राहतील.”

“महाराजांनी बघायला नकोय, पाणी जायला हवंय. आणि हे बघा, बाजारातल्या त्या नळे करणाऱ्या म्हाताऱ्या कारागिराला सगळं सांगा. आपल्या होडीत मासळीच्या पाट्या येतात, खवले पडतात. काथ्याचे गठ्ठे येतात, भाताचा तूस येतो. शेळ्या येतात, त्या काय करतात ते तुम्हाला ठाऊक आहे. ते सगळं तळाच्या पाण्यात असतं.”

“सांगतो गं, सांगतो!” म्हणत तांडेल शीळ घालत निघूनही गेला.

दुसऱ्या दिवशी बाजारात ही गर्दी! कारागिरानं पुढ्यात विहिरीच्या स्वच्छ पाण्याचं मोठं घंगाळ ठेवलं होतं. त्याच्यामागे दोन नळे उभे होते. एक पितळेचा, सडपातळ, घासून लखलखीत केलेला. दुसरा लाकडाचा, जाडजूड, रुंद गळ्याचा, अगदी ओबडधोबड. तांडेलाचे डोळे पितळेवर खिळले ते खिळलेच.

कारागीर म्हणाला, “या तांडेल. पण नळा दाखवायच्या आधी मी तीन गोष्टी विचारतो. होडीचं पोट किती खोल?”

“माझ्या मांडीएवढं.”

“एका खेपेला पाणी किती येतं?”

“चार घागरी. भरतीला सहा.”

“बरं. आणि त्या पाण्यात काय काय असतं?”

आता सांगायची वेळ आली. तांडेलानं तोंड उघडलं आणि सहज इकडे तिकडे पाहिलं. खालच्या घाटावरचे होडीवाले कोंडाळं करून उभे होते. त्यांच्यातला एक दुसऱ्याला कोपरानं ढोसत होता. ह्यांच्यासमोर सांगायचं? की माझ्या रंगीत होडीच्या पोटात खवले आणि लेंड्या आहेत?

तांडेलानं छाती पुढे काढली. “पाण्यात? पाण्यात पाणी असतं बाबा! माझ्या होडीच्या तळाशी केळीचं पान मांडून जेवून घ्यावं!”

“नक्की?” कारागिरानं पुन्हा विचारलं. “लाजू नका. मी वैद्यासारखा आहे, मला सांगितलेलं कुठे जात नाही.”

“नक्की म्हणजे नक्की!”

“मग हा पितळेचा घ्या. स्वच्छ पाण्याला ह्याच्यासारखा नळा नाही. तो लाकडाचा सगळं गिळतो, पण सावकाश. तुम्हाला त्याची गरज नाही.”

तांडेलानं घंगाळात नळा बुडवला आणि दट्ट्या ओढला. अहाहा! पाण्याची धार जी उडाली, ती थेट समोरच्या भाजीवाल्याच्या डोक्यावर. सगळा बाजार हसला. तांडेलानं पुन्हा ओढला, पुन्हा धार! खालच्या घाटावरचे होडीवालेसुद्धा हेव्यानं बघत राहिले. तांडेल नळा खांद्यावर घेऊन असा घरी निघाला, जशी काही लढाईच जिंकली होती.

तांडेलिणीनं नळ्याचा अरुंद गळा पाहिला आणि तिच्या कपाळाला आठी पडली. “सगळं सांगितलंत ना?”

“चारचौघांत कसं सांगणार?” तांडेल पुटपुटला. मग लगेच उसळून म्हणाला, “त्यात काय एवढं? होडीच धुऊन काढू!”

मग काय, दोघांनी संध्याकाळपर्यंत होडी घासली. वरची प्रत्येक फळी आरशासारखी केली. तांडेलीण म्हणाली, “फळ्या उचकटून खालचंही काढू या.” तांडेल म्हणाला, “अगं, रंग उडेल! खालचं कोण बघतंय?”  दुसऱ्या दिवशी होडीत बसताना तांडेलिणीनं एक टोपली आपल्या पायाशी सरकवली आणि वर फडकं टाकलं.

महाराज आले. कोवळ्या वयाचे, उत्साही, होडीत पहिल्यांदाच बसत होते. सोबत त्यांचे कारभारी, मोठी पगडी घातलेले. दोन्ही काठांवर माणूस मावत नव्हता. ढोल वाजत होते, पोरं झाडांवर चढली होती. तांडेलाच्या छातीत त्या ढोलापेक्षा जास्त धडधडत होतं.

अर्धी खाडी मजेत पार झाली. तळात पाणी साचलं, तशी तांडेलानं ऐटीत दट्ट्या ओढला. लांबलचक धार! महाराजांनी टाळ्या वाजवल्या. दुसरी धार! काठावर आरोळी उठली. इतक्यात वारा फिरला. लाटांनी होडी अशी काही घुसळली, की फळ्यांखाली वर्षानुवर्षं चिकटून बसलेलं सगळं सुटलं. तांडेलानं तिसऱ्यांदा दट्ट्या ओढला.

गळप्‌!

दट्ट्या हलेना. तांडेलानं पाय रोवून ओढला, तरी हलेना. नळ्याच्या तोंडात काथ्या, काथ्यात खवले, खवल्यांत तूस. पाणी फळ्यांच्या वर आलं. महाराजांच्या जरीच्या जोड्यांत शिरलं. मग घोट्यापर्यंत चढलं. तांडेलाच्या तोंडचं पाणी पळालं. गेला हक्क! तीन पिढ्यांचा हक्क गेला!

कारभारी ओरडले, “कोणी दिला हा असला नळा? नाव सांग त्याचं! मुसक्या बांधून आणतो त्याला!”

क्षणभर, मंडळी, अगदी क्षणभर तांडेलाच्या मनात आलं, की सांगावं. कारागिरानं फसवलं म्हणावं. राग त्याच्यावर निघेल, आपण सुटू. त्यानं मान वर केली. समोर सुकाणूपाशी तांडेलीण बसली होती. ती त्याच्याकडेच बघत होती.

“महाराज,” तांडेल म्हणाला, “कारागिराचा दोष नाही. त्यानं मला दोनदा विचारलं, पाण्यात काय असतं म्हणून. मी लाजलो. खोटं बोललो. पाण्यात हे असतं!”

आणि त्यानं पायाखालची फळी खसकन उचकटली. वर्षानुवर्षांची घाण महाराजांच्या समोर तरंगायला लागली. वास तर असा, की कारभाऱ्यांनी नाकाला उपरणं लावलं.

“वास नंतर घ्या, आधी पाणी काढा!” तांडेलीण कडाडली. तिनं टोपलीवरचं फडकं ओढलं. आत नारळाच्या डझनभर करवंट्या! “महाराज, धरा ही! उपसा!”

कारभारी आ वासून बघत राहिले, पण महाराजांनी बाह्या सरसावल्या. खुद्द महाराज करवंटीनं पाणी उपसायला लागले म्हटल्यावर कारभारी काय करणार? त्यांनी घाईत पगडीच काढली आणि पगडीनं उपसू लागले. “एक! दोन! हाणा! अजून!” महाराज हसत होते, धापा टाकत होते. त्यांच्या कोवळ्या मिशीत खवले चमकत होते. बघता बघता होडी हलकी झाली आणि पैलतीराला लागली. काठावर एकच जल्लोष झाला.

पण अट ती अट. महाराज गुडघ्यापर्यंत चिंब होऊन उतरले. ते म्हणाले, “तांडेला, माझे पाय भिजले. दिलेला शब्द मोडता येत नाही. तुझा हक्क गेला.”

तांडेलानं मान खाली घातली. त्याच्या डोळ्यांतून टपटप पाणी पडलं. खालच्या घाटावरचे होडीवाले पुढे सरकले.

महाराजांनी हात वर केला. “थांबा. ह्या करवंट्या कोणी आणल्या?”

“मी,” तांडेलीण म्हणाली.

“का?”

“मला होडीचं पोट ठाऊक होतं, महाराज. आणि ह्यांचंही.”

महाराज खो खो हसले. “मग खाडीचा हक्क आजपासून हिचा! तांडेला, तू हिच्या हाताखाली वल्हं मारायचं. शेवटी तू खरं बोललास, म्हणून तेवढं तरी.”

हक्क हाती आल्यावर तांडेलिणीनं पहिला हुकूम कोणता दिला असेल? पुढच्या बाजाराच्या दिवशी तांडेल भर गर्दीतून चालला होता, डोक्यावर एक घागर घेऊन. माणसं नाकाला पदर लावून बाजूला होत होती. तो थेट कारागिरापुढे गेला आणि ती घागर त्याच्या स्वच्छ घंगाळात ओतली.

“बाबा, हे माझ्या होडीतलं पाणी. जसं आहे तसं. आता सांगा, कुठला नळा देता?”

कारागिरानं त्या घाणीत हात घालून ढवळलं, चिमटीत एक खवला धरून पाहिला आणि मनापासून हसला. मग मागचा रुंद गळ्याचा, ओबडधोबड नळा उचलून त्यानं तांडेलाच्या हातात ठेवला. तो नळा पुढे तांडेलाच्या नातवंडांनीही ओढला.

आणि गंमत पुढेच आहे. त्याच्या पुढच्या बाजारी कारागिराच्या दारात खालच्या घाटावरच्या होडीवाल्यांची रांग लागली होती. एकमेकांची नजर चुकवत ते उभे होते, आणि प्रत्येकाच्या हातात फडक्यानं झाकलेली एकेक घागर होती.

म्हणून लक्षात ठेवा: इलाज करणाऱ्यापासून घाण लपवली, तर इलाजही त्या घाणीतच अडकून पडतो.