टीव्हीला न सापडलेलं हसू

वस्तू एकमेकींशी बोलत, तेव्हाची गोष्ट. भागीरथीबाईंचा म्हातारा फोन टीव्हीला सिनेमाचा नुसता पत्ता सांगे आणि खुशाल झोपे. टीव्ही सिनेमा इंटरनेटवरून स्वतः आणून दाखवी. त्याला केवढा माज!

रोज संध्याकाळी मात्र बाई गेलेल्या नवऱ्याचा व्हिडिओ लावत. त्यात स्वतः थापलेली पहिलीच भाकरी फुगली म्हणून ते पोरासारखे हसत. तेव्हा फोन शेवटपर्यंत जागा राही, कारण त्याच्या काचेवरचंच टीव्हीवर उमटे.

"कशाला दमतोस? पत्ता सांग, मी आणतो," टीव्ही म्हणाला.

"याला पत्ता नाही रे. हे फक्त माझ्याच पोटात आहे."

एके दिवशी फोन कायमचा विझला. बाई टीव्हीला म्हणाल्या, "दाखव ना यांना."

रोज पाहिलेलं ते हसू टीव्हीने जगभर धुंडाळलं. शेवटी त्याच्या काळ्या काचेत एकट्या बाईच दिसत राहिल्या.